व्हॉल्व्हची टोपी आणि तिचं माप : मोजमापाचा एक खराखुरा धडा



आजच्या लेखात आपण एक अगदी छोटी वस्तू पाहणार आहोत. जुन्या रेडिओत काचेचे किंवा धातूचे जे व्हॉल्व्ह असतात, त्यांपैकी काहींच्या डोक्यावर एक धातूची टोपी असते. तिला टॉप कॅप म्हणतात. त्या टोपीवर एक क्लिप बसते आणि क्लिपमधून वायर जाते. ही क्लिप योग्य मापाची कशी शोधायची, एवढाच विषय आहे.

तुम्ही म्हणाल, सर, आता व्हॉल्व्हचा रेडिओ कोणाकडे आहे? खरं आहे. पण मराठवाड्यात अजूनही कितीतरी वाड्यांत, माळवदावर, धान्याच्या कोठीशेजारी असे सेट पडून आहेत. दुसरं म्हणजे, "वस्तू आणायच्या आधी मोजा" ही गोष्ट मी पुस्तकातून दहा वर्षं शिकवली आणि स्वतः मात्र पाळली नाही. त्यात एक व्हॉल्व्ह जवळजवळ गमावला. ती चूक तुमच्याकडून होऊ नये म्हणून हा लेख.

रेडिओ आमच्याकडे कसा आला

माझं मूळ गाव लातूर जिल्ह्यात आणि नोकरी नांदेड जिल्ह्यात. गावाकडच्या घरी आबांच्या खोलीत एक लाकडी पेटीचा मोठा रेडिओ आहे. आबांचे थोरले भाऊ हैदराबादला नोकरीला होते, तेव्हा त्यांनी तो घेतला होता. त्या काळी आपला मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. लातूर हा तर वेगळा जिल्हाही नव्हता, उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका होता. लातूर जिल्हा झाला तो १९८२ साली. हैदराबादला निजामाच्या काळात डेक्कन रेडिओ हे केंद्र चालायचं.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारताची पोलीस कारवाई सुरू झाली आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. ती बातमी रेडिओवरूनच लोकांना कळली. आबा तेव्हा आठ-नऊ वर्षांचे, भावाकडे राहायला. ते सांगतात, "भाषण काय झालं ते मला कळलं नाही. पण खोलीत माणसं मावत नव्हती आणि सगळी ह्या पेटीकडं बघत होती."

आमच्या शाळेत दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो. झेंडावंदन, भाषणं, प्रभातफेरी. यंदा वाटलं, हा रेडिओ शाळेत आणावा, मुलांना दाखवावा आणि जमलं तर चालू करून ऐकवावा. आबांना विचारलं. ते म्हणाले, "मला आता कमी ऐकू येतंय. चालू करायचा असंल तर लवकर कर." म्हणून हे काम पुढच्या वर्षावर ढकलता येत नव्हतं.

टोपी कशाला असते?

रेडिओची मागची फळी काढली. आत पाच व्हॉल्व्ह होते: ६ए८, ६के७, ६क्यू७, ६व्ही६ आणि ५वाय३. (व्हॉल्व्हवर हे इंग्रजीत छापलेलं असतं.) त्या काळच्या पाच व्हॉल्व्हच्या सेटमध्ये ही जोडणी खूप ठिकाणी सापडते. नावातला पहिला आकडा साधारण फिलामेंटचं व्होल्टेज सांगतो. ६ म्हणजे ६.३ व्होल्ट, ५ म्हणजे ५ व्होल्ट.

यांची कामं थोडक्यात अशी:

- ६ए८ : एरियलवरून आलेल्या लहरीची वारंवारता बदलतो.
- ६के७ : तो क्षीण संकेत मोठा करतो.
- ६क्यू७ : संकेतातून आवाज वेगळा काढतो आणि थोडा वाढवतो.
- ६व्ही६ : स्पीकर वाजेल एवढी ताकद देतो.
- ५वाय३ : घरच्या एसी विजेपासून डीसी वीज तयार करायला मदत करतो.

यांतल्या पहिल्या तिघांच्या डोक्यावर टोपी आहे, शेवटच्या दोघांच्या नाही. का बरं?

पहिल्या तीन व्हॉल्व्हमध्ये ग्रिड नावाचा भाग अतिशय क्षीण संकेत घेतो आणि ॲनोडवर तोच संकेत मोठा होऊन निघतो. ग्रिडची आणि ॲनोडची तार खाली एकमेकींच्या शेजारी आली, तर मोठा झालेला संकेत परत ग्रिडवर जातो आणि रेडिओ शिट्टी मारायला लागतो. शाळेच्या कार्यक्रमात माईक स्पीकरसमोर नेला की कसा "कुंईऽऽ" आवाज येतो, तसंच हे. म्हणून ग्रिडची तार वरून काढायची आणि ॲनोडची खालून. दोघी जितक्या लांब तितकं बरं.

पुढे आतली आडपडदा व्यवस्था सुधारली आणि ग्रिडची तारही खालच्या पिनेवर आणता आली. तशा व्हॉल्व्हच्या नावात एस आला, जसं ६एसके७. त्याला टोपी नसते. पण लक्षात ठेवा, ६के७ च्या जागी ६एसके७ तसाच खोचता येत नाही. पिनांची मांडणी वेगळी आहे.

आमच्या रेडिओत तीन टोप्या होत्या, पण क्लिप एकच शिल्लक होती. तीही गंजलेली. बाकी दोन वायरी उंदरांनी कुरतडल्या होत्या आणि क्लिपा गायब. म्हणजे तीन क्लिपा हव्या होत्या.

माझी पहिली चूक : मोठी क्लिप

मोबाईलवर शोधलं. "जुन्या व्हॉल्व्हसाठी क्लिप" असं लिहिलेलं एक चित्र दिसलं. पांढऱ्या चिनी मातीची, छान दिसणारी. खाली ९ मिमी लिहिलं होतं. ९ मिमी म्हणजे किती आणि आपली टोपी किती, हे बघायचं सुचलंच नाही. टोपीसारखी टोपी, क्लिपसारखी क्लिप. चार मागवल्या.

आल्या आणि बसवल्या तर डुगडुगायला लागल्या. मोठ्या भावाची टोपी धाकट्याच्या डोक्यावर घातल्यासारखं. मग मी पक्कड घेऊन क्लिपांची तोंडं दाबली. आता बसल्या, पण तिरक्या. रेडिओ नांदेडच्या एका जुन्या मेकॅनिक चाचांकडे नेला. त्यांनी बाकीची तपासणी करून चालू केला, तर स्पीकरमधून काहीच नाही. खरखरसुद्धा नाही.

चाचांनी एक नजर टाकली आणि हसले. आमचा ६के७ धातूच्या कवचाचा आहे. हे धातूचे व्हॉल्व्ह अमेरिकेत १९३५ साली आले. त्यांचं कवच खालच्या एका पिनेतून चॅसिसला, म्हणजे अर्थला जोडलेलं असतं. टोपी आणि कवच यांच्यामध्ये फक्त एक छोटी इन्सुलेशनची कडी असते. माझी मोठी क्लिप तिरकी होऊन कवचाला टेकली होती. म्हणजे जो संकेत ग्रिडवर जायला हवा, तो सरळ अर्थमध्ये चालला होता. व्हॉल्व्ह चांगला, वीज चांगली, स्पीकर चांगला आणि तरी रेडिओ मुका.

चाचा म्हणाले, "गुरुजी, डोकं बघून टोपी घ्या. टोपी बघून डोकं नाही मिळत."

माझी दुसरी चूक : लहान क्लिप

चाचांनी सांगितलं की फ्यूजची क्लिप चालते. मी "फ्यूजची क्लिप" एवढंच ऐकलं, "कुठल्या फ्यूजची" हे विचारलं नाही. गावाकडे जाताना लातूरला गंजगोलाईच्या आसपास एका दुकानात काचेच्या फ्यूजची क्लिप मागितली. त्याने जी नेहमी खपते ती दिली. घरी येऊन ६क्यू७ वर बसवायला गेलो. बसेना. जोर लावला. थोडी फिरवली. कट् असा आवाज आला आणि टोपी हातात आली.

आमचा ६क्यू७ काचेचा आहे. काचेवर टोपी एका प्रकारच्या सिमेंटने चिकटवलेली असते आणि आतून एक बारीक तार येऊन टोपीला डाग दिलेली असते. इतक्या वर्षांत ते सिमेंट ठिसूळ होतं. फिरवलं की सुटतं आणि तार तुटते. तार जर काचेच्या अगदी मुळाशी तुटली तर व्हॉल्व्ह संपला. माझ्या नशिबाने साधारण तीन मिमी तार वर राहिली होती. चाचांनी तिला एक बारीक तार झटपट डाग देऊन जोडली, ती टोपीच्या भोकातून वर काढून तिथे डाग दिला आणि टोपी परत उष्णता सहन करणाऱ्या चिकटीने बसवली.

आबांना मी हे सांगितलं नाही. आता हा लेख त्यांना वाचून दाखवीन तेव्हा कळेल.

एकदा मोठी आणली, एकदा लहान आणली. दोन्ही चुकांचं मूळ एकच. मी मोजलं नव्हतं.

मापं मुख्यतः तीन आहेत

अमेरिकन पद्धतीच्या व्हॉल्व्हच्या टोप्यांची ठरलेली मापं असतात. तुम्हाला सर्वांत जास्त भेटतील ती ही तीन. माप म्हणजे टोपीचा बाहेरचा व्यास.

१) सर्वांत लहान टोपी : ६.३५ मिमी. म्हणजे बरोबर पाव इंच. ६ए८, ६के७, ६जे७, ६क्यू७ अशा आठ पिनांच्या रेडिओ व्हॉल्व्हवर ही असते.

२) मधली टोपी : सुमारे ९.१ मिमी. इंचात ०.३६०. आठ पिनांचा पाया यायच्या आधीचे जे व्हॉल्व्ह आहेत, म्हणजे २४ए, ५७, ५८, ७५, ७७, ७८, ६ए७ वगैरे, त्यांच्यावर ही सापडते. ट्रान्समीटरमध्ये वापरला जाणारा प्रसिद्ध ८०७ हाही याच मापाचा. बाजारात हिला "९ मिमी" म्हणतात.

३) मोठी टोपी : सुमारे १४.४ मिमी. इंचात ०.५६६. हिच्यासाठी बाजारात "१४ मिमी" मागायचं. ८६६ए, ८११ए, ८१३ अशा ट्रान्समीटरच्या मोठ्या व्हॉल्व्हवर ही असते. घरच्या रेडिओत ही भेटणार नाही.

इथे एक गंमत बघा. इंग्रजी पुस्तकांत ९.१ मिमीच्या टोपीला "लहान" म्हणतात आणि ६.३५ मिमीच्या टोपीला "अतिलहान". त्यामुळे तुम्ही दुकानदाराला नुसतं "लहान क्लिप द्या" म्हणालात आणि त्याने पुस्तकातल्या नावाने दिली, तर ९ ची येईल. म्हणून नाव सांगू नका, मिमी सांगा.

युरोपात बनलेल्या जुन्या व्हॉल्व्हच्या बाबतीत नावावरून अंदाज बांधू नका. तिथे प्रत्यक्ष मोजणं हाच मार्ग.

मोजायचं कसं?

सर्वांत आधी : रेडिओची पिन बोर्डातून काढलेली हवी. नुसतं बटण बंद करून भागत नाही. व्हॉल्व्ह पूर्ण गार हवा. शक्यतो व्हॉल्व्ह जाणकाराकडून बाहेर काढून घ्या आणि टेबलावर मऊ कापडावर ठेवून मोजा.

*पद्धत १ : व्हर्निअर कॅलिपर.* लेथवाल्याकडे, सोनाराकडे किंवा हायस्कूलच्या प्रयोगशाळेत मिळेल. जबडे टोपीच्या सरळ भागावर हलके टेकवा. टोपीचा माथा गोलसर असतो, तिथे मोजलं तर माप कमी येतं. दाबू नका. साध्या व्हर्निअरने ०.१ मिमीपर्यंत माप कळतं, आपल्याला तेवढं पुष्कळ झालं.

*पद्धत २ : कागदाची पट्टी आणि टाचणी.* आमच्या शाळेत कॅलिपर नाही. म्हणून मी सातवीच्या मुलांसोबत हे केलं आणि हाच आमचा खरा तास झाला.

- पातळ कागदाची ४ ते ५ मिमी रुंद, ८ सेंमी लांब पट्टी कापा.
- ती टोपीभोवती घट्ट पण हलक्या हाताने गुंडाळा, म्हणजे टोक दुसऱ्या थरावर येईल.
- जिथे दोन थर एकावर एक आले आहेत, तिथे पट्टी बोटांत धरून बाहेर काढा आणि दोन्ही थरांतून टाचणी टोचा. टाचणी व्हॉल्व्हवर टोचायची नाही.
- पट्टी उलगडा. दोन भोकांमधलं अंतर मोजा. हा टोपीचा परीघ.
- परिघाला ३.१४ ने भागा. हा व्यास.

आता आधीच गणित करून ठेवू:

- ६.३५ मिमी व्यास असेल तर परीघ ६.३५ × ३.१४ = जवळपास २० मिमी
- ९.१ मिमी व्यास असेल तर परीघ जवळपास २९ मिमी
- १४.४ मिमी व्यास असेल तर परीघ जवळपास ४५ मिमी

म्हणजे मुलांना तीनच आकडे लक्षात ठेवायचे : २०, २९, ४५.

आमच्या चार गटांची उत्तरं १९, २०, २० आणि २१ मिमी आली. एका मुलीने विचारलं, "सर, उत्तरं वेगळी आली, मग खरं कुठलं?" प्रश्न छान होता. मी फळ्यावर भागाकार करायला लावला. १९ ÷ ३.१४ म्हणजे ६.०५. २१ ÷ ३.१४ म्हणजे ६.६९. परिघात एक मिमीची चूक झाली, पण व्यासात ती तिसरा हिस्साच उरली, साधारण ०.३ मिमी. आणि चारही उत्तरं ६.३५ च्या जवळ, ९ च्या जवळ एकही नाही. चूक प्रत्येक मोजमापात असते. ती आपला निर्णय बदलण्याएवढी मोठी आहे का, हे बघायचं असतं. हे वाक्य मला डीएडला कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

पट्टीने व्यास थेट मोजायला गेलात तर काय होतं तेही करून बघा. गोल वस्तूवर पट्टी नेमकी मध्यातून धरता येत नाही. कोणाचं ५ येतं, कोणाचं ७. म्हणून परीघ मोजणं सोपं आणि जास्त भरवशाचं.

विकत घेताना काय बघायचं?

१. विक्रेत्याने दिलेलं माप कशाचं आहे ते विचारा. काही जण क्लिपच्या आतल्या तोंडाचं माप देतात, काही जण बाहेरच्या चिनी मातीच्या भागाचं. आपल्याला हवं ते टोपीचं माप. "६.३५ मिमी म्हणजे पाव इंच टोपीवर बसते का?" असा सरळ प्रश्न विचारा.

२. बाजारात पुष्कळदा नुसतं "६ मिमी" लिहितात. ते ६.३५ साठीच असतं. क्लिपचं आतलं तोंड टोपीपेक्षा किंचित लहान असावंच लागतं. ती स्प्रिंगसारखी उघडून टोपी पकडते.

३. पत्रा दाबून बघा. बोटाने उघडला की परत मिटायला हवा. वाकून तसाच राहिला तर तो पत्रा मऊ आहे, महिन्याभरात सैल होईल.

४. वायर जोडायला जागा कशी आहे ते बघा. वायरीचा डाग आधी क्लिपला द्यायचा, मग क्लिप टोपीवर बसवायची. टोपीवर बसलेल्या क्लिपला कधीही डाग देऊ नका. उष्णता आत जाते आणि टोपीचा आतला डाग सुटतो किंवा काच तडकते.

मिळतं कुठे? नांदेड-लातूरला तयार क्लिप मिळणं कठीण. नांदेडहून रेल्वेने हैदराबाद सोयीचं. तिथला कोठी भागातला इलेक्ट्रॉनिक्स बाजार, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची बुधवार पेठ, अशा ठिकाणी जुन्या मालाच्या दुकानांत विचारता येतं. जाताना व्हॉल्व्ह सोबत नेऊ नका, प्रवासात फुटेल. टाचणीने टोचलेली ती कागदाची पट्टी पाकिटात ठेवा. दुकानात ६.३५ मिमीचा ड्रिल बिट, म्हणजे पाव इंचाचा बिट असेल, तर त्याच्या मागच्या दांड्यावर क्लिप बसवून बघता येते.

क्लिप मिळालीच नाही तर?

चाचांचा फ्यूजचा सल्ला बरोबरच होता, ऐकणारा चुकला होता. काचेच्या फ्यूजचे दोन आकार सर्रास दिसतात. एक ५ मिमी व्यासाचा आणि २० मिमी लांब. हाच जास्त खपतो आणि माझ्या हाती हाच पडला. दुसरा जरा मोठा, पाव इंच व्यासाचा आणि सव्वा इंच लांब. म्हणजे ६.३५ मिमी आणि सुमारे ३२ मिमी. बघा, फ्यूजचा व्यास आणि आपल्या टोपीचा व्यास तोच! म्हणून मोठ्या फ्यूजची सुटी क्लिप लहान टोपीवर बरोबर बसते.

दुकानात "मोठ्या काचेच्या फ्यूजची, पाव इंचाची क्लिप" असं मागा आणि सोबत एक फ्यूजही घ्या. क्लिपमध्ये फ्यूज नीट बसला तर टोपीही बसेल. क्लिपला खाली पाय असतो तो वाकवून तिथे वायर जोडा. कडा कवचाला टेकत नाहीत ना, ते तपासा. काठावर स्लीव्ह चढवली तर आणखी चांगलं.

आमच्या रेडिओत आता तीन टोप्यांवर अशाच तीन क्लिपा आहेत. खर्च प्रवासभाड्यापेक्षा कमी.

पण हा जुगाड फक्त रेडिओतल्या ग्रिडच्या टोपीसाठी. पुढचा भाग म्हणूनच नीट वाचा.

सावध! प्रत्येक टोपी ग्रिड नसते

६के७ च्या टोपीवर क्षीण संकेत असतो. पण ८०७ च्या टोपीवर ॲनोड असतो आणि तिथे शेकडो व्होल्ट असतात. जुन्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीत पीएल५०४ नावाचा व्हॉल्व्ह असायचा. त्याचीही टोपी ॲनोड आहे आणि टीव्ही चालू असताना तिथे हजारो व्होल्टचे झटके येतात. दिसायला टोपी तीच, पण एक चावत नाही आणि दुसरी जीव घेऊ शकते. नाव वाचल्याशिवाय आणि तक्ता बघितल्याशिवाय कुठल्याही टोपीला हात लावायचा नाही. ॲनोडच्या टोपीला उघडी क्लिप चालत नाही, चिनी मातीचं आवरण असलेलीच लागते.

आणखी काही नियम:

- रेडिओतही आतल्या बाजूला २५० व्होल्टच्या आसपास डीसी असते. पिन काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ती साठून राहते. चॅसिसच्या खालचं काम जाणकाराचंच.
- वर्षानुवर्षं बंद असलेला सेट थेट बोर्डात लावू नका. मेकॅनिक आधी कपॅसिटर तपासतात आणि सिरीजमध्ये बल्ब लावून चालू करतात.
- मागच्या बाजूला व्होल्टेजचा आकडा वाचा. बरेचसे अमेरिकन सेट ११० व्होल्टचे आहेत, आपल्याकडे २३० आहे.
- क्लिप काढताना वायर ओढू नका. बारीक स्क्रू ड्रायव्हरने क्लिपचं तोंड थोडं उघडा आणि सरळ वर उचला. फिरवू नका. मी फिरवली होती.
- विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही फक्त टेबलावर ठेवलेला सुटा व्हॉल्व्ह मोजायचा. बोर्डाला जोडलेल्या रेडिओत बोट घालायचं नाही.

१७ सप्टेंबर

आदल्या दिवशी आबांना गाडीतून शाळेच्या गावी आणलं. शाळेच्या आवारातल्या लिंबाच्या झाडावर दहा-बारा मीटर तार बांधली, एरियल म्हणून. एवढ्या जुन्या सेटवर एफएम लागत नाही, मीडियम वेव्ह आणि शॉर्ट वेव्हच लागतात. त्यामुळे मुलांना आधीच सांगून ठेवलं होतं की मोबाईलसारखा स्वच्छ आवाज येणार नाही.

झेंडावंदन झालं. चाचांनी पिन लावली. व्हॉल्व्ह तापायला अर्धा मिनिट लागतो. त्या अर्ध्या मिनिटात दीडशे मुलं इतकी शांत मी कधी पाहिली नाहीत. मग खरखर आली, काटा फिरवता फिरवता एक मराठी आवाज लागला. पुसट होता. बातम्या होत्या की शेतीचा कार्यक्रम, तेही नीट कळलं नाही.

आबा खुर्ची पुढे ओढून कान पेटीजवळ नेऊन बसले. मी विचारलं, "ऐकू येतंय का?" ते म्हणाले, "येतंय. तवाबी एवढंच येत होतं."

स्वाध्याय

१. एका टोपीचा परीघ २८.५ मिमी आला. तिचा व्यास काढा. ती तीनपैकी कुठली टोपी?

२. एका विद्यार्थ्याने परीघ २४ मिमी मोजला. हे माप कुठल्याच टोपीशी जुळत नाही. त्याची चूक कुठे झाली असेल? दोन शक्यता लिहा.

३. धातूच्या कवचाच्या व्हॉल्व्हवर मोठी क्लिप तिरकी बसली तर रेडिओ मुका का होतो? स्वतःच्या शब्दांत सांगा.

४. घरातल्या पेनाचं टोपण, बाटलीचं झाकण आणि सायकलचा स्पोक यांचा व्यास कागदी पट्टीने काढा. स्पोकला एकच वेढा पुरेल का? दहा वेढे घेतले तर काय फायदा होईल?

५. घरातल्या आजी-आजोबांना विचारा : त्यांनी रेडिओवर ऐकलेली सर्वांत पहिली मोठी बातमी कोणती? वहीत लिहून आणा.

शिक्षक मित्रांनो, पाचवा प्रश्न गणिताचा नाही, पण तो वगळू नका. आणि तो लवकर द्या.